फोटो तो फोटो, त्यात एवढे प्रकार कशाला? क्रोमने काढून टाकलेल्या जेपेग एक्सएलबद्दल

परवा मावशीच्या मुलीला कसल्यातरी परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता आणि साइट तिचा फोटो घेतच नव्हती. रात्री साडेदहाला फोन. "दादा, माझ्या मोबाइलमध्ये तर मस्त उघडतोय, मग इथे सारखं लाल अक्षरात काय येतंय?" फाइल मागवून बघितली तर नावाच्या शेवटी डॉट वेबपी, आणि फॉर्मला हवं फक्त जेपीजी, तेसुद्धा ५० केबीच्या आत. स्क्रीनशॉट काढला, कापला, जेपीजी करून पाठवला, झालं काम. पण फोन ठेवता ठेवता ती वैतागून म्हणाली, "फोटो तो फोटो, त्यात एवढे प्रकार कशाला काढून ठेवलेत?"

आता मी वेबसाइटी बनवून पोट भरणारा माणूस, मला असं काही विचारलं की मी थांबत नाही हे घरात सगळ्यांना माहितीये. वेबपीवरून एव्हीआयएफवर आलो, तिथून जेपेग एक्सएलवर आलो, तोवर पलीकडून नुसतं "हं... हं..." येत होतं आणि मग तेही बंद झालं. म्हणून उरलेलं इथे लिहितोय.

तर झालं असं होतं. २०२१ मध्ये क्रोममध्ये जेपेग एक्सएल नावाचा नवा फोटो फॉरमॅट उघडायची सोय आली, पण छुपी, म्हणजे ॲड्रेसबारमध्ये फ्लॅग्जचं ते खास पान उघडा, शेकडो ओळींमधून नेमकी ती शोधा, चालू करा, ब्राउझर बंद करून परत उघडा, एवढं केलंत तरच. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रोमवाल्यांनी सांगितलं की ही सोय आम्ही काढतोय, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० नंबरच्या क्रोममधून ती गेलीसुद्धा. दिलेल्या कारणांमध्ये एक कारण असं होतं की एकूण मंडळींमध्ये याबद्दल पुरेसा रस दिसत नाही. हे वाचून फोटोवाले, वेबसाइटवाले, सॉफ्टवेअर कंपन्यावाले असे काही भडकले की विचारू नका. मुळापर्यंत गेलं तर हा वाद "कोण बरोबर" असा नाहीच, एखादी गोष्ट कोणी वापरत नाही हे मोजायचं कसं, हा आहे. पण त्याआधी डीकोडिंग म्हणजे काय ते बघू, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

एक साधा हिशोब करा. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, एकूण एक कोटी वीस लाख. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, एकेका आकड्याला एक बाइट. गुणाकार केला तर ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ एमबी. पण गॅलरीतली फाइल बघाल तर बहुतेक वेळा ३-४ एमबीची असते. मग बाकीचं गेलं कुठे?

जेपेग, म्हणजे फॉर्मवाल्यांना हवं असतं तेच जेपीजी, हे १९९२ चं स्टँडर्ड, आपल्यातले कित्येक जण तेव्हा जन्मलेही नव्हते, आणि ते अजून ठणठणीत आहे. ते फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. एका चौकोनातले ६४ ठिपके एकेक करून लिहायच्या ऐवजी ते असं लिहितं, की या चौकोनात एकूण उजेड इतका, आडवा चढउतार इतका, उभा चढउतार इतका, बारीक नक्षी इतकी. निळ्या आकाशाच्या चौकोनात बारीक नक्षी जवळपास नसतेच, आणि जिथे असते तिथेही आपल्या डोळ्याला ती फारशी कळत नाही, त्यामुळे ते आकडे ठोकळमानाने लिहायचे किंवा सरळ शून्य करायचे. आता हातात जे आकडे उरले त्यात ढीगभर शून्यं असतात. ती हफमन नावाच्या पद्धतीने आवळून बांधायची, म्हणजे जो आकडा सारखा सारखा येतो त्याला आखूड कोड आणि जो कधीतरी येतो त्याला लांबलचक. झाली फाइल तयार.

ब्राउझर हेच सगळं उलटं करतो. गाठोडं सोडतो, आकडे काढतो, चौकोन परत रंगवतो, एकाला एक लावून फोटो उभा करतो. हे काम करणाऱ्या कोडला म्हणायचं डीकोडर. आणि प्रत्येक फॉरमॅटची बांधायची पद्धत वेगळी, त्यामुळे डीकोडरही वेगळा. पीएनजीचा एक, गिफचा एक, वेबपीचा एक, एव्हीआयएफचा एक. मला ते नेहमी दुभाष्यांसारखे वाटतात, ब्राउझरने पगारावर ठेवलेले, प्रत्येकाला एकच भाषा येते, आणि त्या भाषेत कागद आला की तो वाचून आतल्या माणसाला सांगायचं. दुभाषा ठेवायचा तर पगार आला, जागा आली, आणि तो आजारी पडला तर त्याच्याकडे बघायला माणूस आला.

वेबपी गुगलने २०१० मध्ये आणला. एव्हीआयएफ २०१९ चा, तो एव्ही१ नावाच्या व्हिडिओ फॉरमॅटच्या पोटातून आलेला, म्हणजे व्हिडिओची एक फ्रेम घेतली आणि तिलाच फोटो म्हटलं. क्रोममध्ये तो २०२० पासून चालतो, नंतर फायरफॉक्स आणि सफारीनेही घेतला. कमी एमबीमध्ये बरा दिसणारा फोटो हवा असेल, म्हणजे वेबसाइटवरचे बॅनर वगैरे, तर एव्हीआयएफ खरंच भारी आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

जेपेग एक्सएलचं मूळ वेगळं. मूळ जेपेग करणाऱ्या समितीनेच २०१८ मध्ये सांगितलं की नवीन काहीतरी करूया, प्रस्ताव पाठवा. आलेल्यांपैकी दोन निवडले आणि एकत्र मळले. एक होता पिक, दुसरा फ्यूइफ. फ्यूइफ क्लाउडिनरी नावाच्या कंपनीच्या जॉन स्नेयर्स यांचा. आणि पिक कोणाचा, तर गुगलच्या झुरिकमधल्या रिसर्च टीमचा! हे लक्षात ठेवा, कारण "गुगलने स्वतःचा फॉरमॅट पुढे करायला दुसऱ्याचा मारला" अशी जी सोपी गोष्ट सांगितली जाते ना, तिला इथेच पहिली चीर पडते. एकाच कंपनीच्या एका खोलीत तो जन्मला आणि दुसऱ्या खोलीने त्याला बाहेर काढलं, असं हे घरातलंच भांडण आहे.

आता त्यात एवढं विशेष काय. दोनच गोष्टी सांगतो, बाकी बऱ्याच आहेत, पण ह्या दोन पुरेशा.

पहिली म्हणजे जुन्या जेपेगला तो नव्याने बांधू शकतो, आणि फोटोला धक्काही न लावता. प्रवासाला निघताना आपण बॅग भरली की चेन लागत नाही, आणि आईने तेच कपडे घडी घालून भरले की वर चिवड्याचा डबाही बसतो, तसलं काम. जेपेगच्या चौकोनांमधले आकडे तेच ठेवायचे, फक्त हफमनची गाठ सोडून जास्त हुशार पद्धतीने बांधायचं. फाइल साधारण २० टक्के कमी होते, म्हणजे ४ एमबीची ३.२ च्या आसपास. आणि हवं तेव्हा उलटं करून मूळ जेपेग परत मिळतं. "तसंच दिसणारं" म्हणत नाहीये मी, तेच, बिट न बिट. मला हे पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. घरातल्या स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंपैकी एक घेतला, आजोबांचा, धोतर-कोट आणि टोपीतला, कमांड लाइनवर सीजेएक्सएल नावाचा प्रोग्राम चालवून बांधला, मग त्याचा उलटा डीजेएक्सएल चालवून परत जेपेग केला, आणि दोन्ही जेपेगचे चेकसम, म्हणजे फाइलच्या बोटांचे ठसेच म्हणा ना, काढून एकाखाली एक ठेवले. शेवटच्या अक्षरापर्यंत सारखे. आता विचार करा, जगात जेवढे जेपेग पडलेत, लग्नांचे, ओळखपत्रांचे, पेपरांच्या संग्रहातले, ते सगळे दर्जा न घालवता पाचव्या हिश्श्याने कमी होऊ शकतात. वेबपी किंवा एव्हीआयएफमध्ये जेपेग बदलायचा तर आधी उलगडायचा, मग नव्याने दाबायचा, त्यात दर्जा थोडा तरी जातोच आणि मूळ फाइल काही परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट नेटवर्कची. गावाकडे मोबाइलला एकच काडी असते तेव्हा फोटो कसा येतो ते आठवा. काही फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरतात, काही आधी अंधुक दिसतात आणि मग हळूहळू साफ होतात. ही दुसरी पद्धत जेपेगमध्ये होती, जेपेग एक्सएलमध्ये ती अजून चांगली केलीये, थोडीशी फाइल आली तरी पूर्ण चित्राचा अंदाज येतो. एव्हीआयएफ व्हिडिओच्या घराण्यातला, व्हिडिओत अर्धवट फ्रेम दाखवायची कोणाला गरज नसते, त्यामुळे त्याच्यात सहसा सगळी फाइल येईपर्यंत रिकामा चौकोन बघत बसायचं.

बरं, आता मुद्द्यावर. ती छुपी सोय.

ब्राउझरवाले नवीन गोष्ट आधी फ्लॅगमागे ठेवतात, म्हणजे कोड आत आहे पण बटण बंद. ज्यांना हौस आहे त्यांनी चालू करावं, काही मोडलं तर सांगावं. ही चांगली पद्धत आहे, माझी काही तक्रार नाही. एकदा सगळ्यांसाठी चालू केलेली गोष्ट परत काढायची म्हटलं की मोठं किचकट काम असतं, क्रोममध्ये त्यासाठी जाहीर सूचना द्यावी लागते आणि ठरलेल्या जबाबदार लोकांपैकी तिघांनी "मला ठीक वाटतंय" असं लिहून द्यावं लागतं. आणि ते बघतात काय, तर वापराचे आकडे. ब्राउझर आतल्या आत मोजत असतो की अमुक सोय किती पानांवर वापरली गेली. ढोबळ नियम असा की हजार पानांत एक म्हणजे खूप झालं, आणि लाखात एक म्हणजे कमी, पण तरी दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही. हा लाखात एकचा हिशोब मला फार आवडतो, कारण ऐकायला किरकोळ वाटतं पण क्रोम वापरणारी माणसं अब्जावधी आहेत, त्यातला लाखात एक म्हणजे एखादं बरंसं तालुक्याचं गाव भरेल.

पण हे सगळं झालं उघड चालू असलेल्या सोयीचं. फ्लॅगमागच्या गोष्टीला हा हिशोब लावायचा कसा? बटणच बंद, तर कोणती वेबसाइट त्या फॉरमॅटमध्ये फोटो ठेवणार? उद्या मी एखाद्या दुकानदाराच्या साइटवर साड्यांचे फोटो जेपेग एक्सएलमध्ये टाकले तर गिऱ्हाइकाला साडीच्या जागी तुटक्या चित्राची खूण दिसेल, आणि तो दुकानदार मला काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही. म्हणजे वेबसाइटवाले थांबलेत ब्राउझरसाठी आणि ब्राउझर म्हणतोय वेबसाइटवाल्यांचा रस दिसत नाही. एखाद्या गावाला एसटी रात्री दोन वाजता सोडायची, स्टँडवर पाटीही लावायची नाही, आणि सहा महिन्यांनी सांगायचं की प्रवासी नाहीत म्हणून फेरी बंद, तसलाच प्रकार.

बरं, रस नव्हता म्हणावं तर अडोबी, इंटेल, फेसबुक, शॉपिफाय, द गार्डियन अशा ठिकाणच्या लोकांनी आम्हाला हे पाहिजे म्हणून जाहीर लिहिलं होतं. ही काय चार हौशी पोरं नव्हती. त्यामुळे ते "रस नाही"वालं कारण मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. दुसरं कारण होतं की आत्ता जे फॉरमॅट आहेत त्यांच्यापेक्षा यात पुरेसा जास्त फायदा नाही. यावर दोन्ही बाजूंनी भरपूर आकडेमोड झाली, आणि खरं सांगायचं तर कोणता फोटो घेता, किती दाबता आणि "चांगला दिसतो" कशाला म्हणता यावर उत्तर बदलतं, त्यामुळे तो वाद बसून सुटणारा नाही. तिसरं, फ्लॅगमागचा कोड कायमचा पडून राहू नये. हे बरोबरच आहे, माळ्यावर ठेवलेल्या सामानाचं काय होतं ते आपल्याला माहितीये. चौथं कारण होतं देखभालीचं ओझं, आणि हे कारण वाचताना सगळे हसले होते, म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला एका डीकोडरचं ओझं होतं काय वगैरे. मीसुद्धा हसलो होतो. मग सप्टेंबर २०२३ उजाडला आणि हसू गेलं.

झालं काय तर ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरांटो विद्यापीठातली सिटिझन लॅब, या दोघांनी कळवलं की वेबपीच्या डीकोडरमध्ये भोक आहे. डीकोडर म्हणजे दुभाषा, बरोबर? आणि दुभाष्याचं काम असं की तो दारात बसतो आणि कोणीही अनोळखी माणूस त्याच्या हातात कागद देतो. वेबपीच्या एका प्रकारात फाइलमध्येच लिहिलेलं असतं की गाठ कशी सोडायची, म्हणजे हफमनचे कोड कसे आहेत, आणि त्यावरून डीकोडर एक तक्ता बनवतो. तक्त्यासाठी जास्तीत जास्त किती जागा लागेल हे आधीच ठरवून तेवढी जागा घेतलेली. कोणीतरी अशी वाकडी फाइल बनवली की तक्ता त्या जागेच्या बाहेर सांडला, शेजारच्या मेमरीवर लिहिला गेला. आणि शेजारच्या मेमरीवर आपल्या मनासारखं लिहिता आलं की चोर घरात आलाच म्हणायचा. तुम्ही काही डाउनलोड केलेलं नाही, कशावर क्लिक केलेलं नाही, पानावर एक फोटो होता आणि ब्राउझरने तो दाखवायचा प्रयत्न केला, बस एवढंच. हल्लेखोर हे भोक आधीपासूनच वापरत होते. ११ सप्टेंबरला क्रोमने दुरुस्ती सोडली, पाठोपाठ फायरफॉक्सने, आणि मग ज्या ज्या ॲपने वेबपीचा तोच कोड आत घेतला होता त्या सगळ्यांची पळापळ. तेरा वर्षं जुना फॉरमॅट, गुगलचा स्वतःचा, एवढ्या लोकांच्या नजरेखालून गेलेला, आणि तरी.

याच्या मुळाशी प्रोग्रामिंगची भाषा आहे. हे डीकोडर सी आणि सी++ मध्ये लिहिलेले असतात, कारण त्या वेगवान आहेत, पण त्यात आखलेल्या जागेच्या बाहेर लिहायला कोणी अडवत नाही. क्रोमियमवाल्यांनीच (क्रोमियम म्हणजे क्रोम ज्याच्यावर उभा आहे तो खुला कोड) २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या गंभीर सुरक्षा दोषांपैकी साधारण ७० टक्के दोष याच जातीचे, मेमरी नीट न सांभाळल्याचे. त्यांच्याकडे एक नियमही आहे, रूल ऑफ टू म्हणतात त्याला, की अनोळखी ठिकाणाहून आलेला डेटा, धोक्याची भाषा आणि जास्तीचे अधिकार, या तिन्हींपैकी एका वेळी फार तर दोनच एकत्र येऊ द्यायचे. म्हणून फोटो उलगडायचं काम ब्राउझर एका बंदिस्त खोलीत करतो, तिथून बाहेर हात पोचत नाही. पण बंदिस्त खोलीचीही भिंत कधीतरी फोडली जातेच, त्यामुळे खोलीत माणसं जितकी कमी तितकं बरं.

या नजरेने बघितलं की जेपेग एक्सएलचं दुखणं दिसतं. त्याचा मूळ डीकोडर एक लाखाहून जास्त ओळींचा सी++ कोड आहे, तोही अनेक धाग्यांवर, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं समांतर करत, चालणारा. हा आकडा मोझिलावाल्यांनी, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतः मांडला आणि सांगितलं की आमची मुख्य काळजी हीच आहे. फॉरमॅट चांगला आहे की वाईट हा प्रश्न वेगळा, पण लाखभर ओळी मी दारात का बसवू? हे मला प्रामाणिक कारण वाटतं. क्रोमने २०२२ मध्ये "रस नाही" म्हणायच्या ऐवजी हेच ठळक अक्षरात लिहिलं असतं तर अर्धा गोंधळ झाला नसता, असं आपलं माझं मत.

तसं बघितलं तर ब्राउझरमधून फोटोचे फॉरमॅट काढणं नवीन नाही. एक्सबीएम नावाचा प्रकार होता, काळं-पांढरं चित्र, आणि फाइल उघडली तर आत चक्क सी भाषेतला कोड, आकड्यांची यादी लिहिलेली. फायरफॉक्सने तो २०१० च्या ३.६ आवृत्तीत काढला आणि कोणाचं काही अडलं नाही. मायक्रोसॉफ्टचा जेपेग एक्सआर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये होता, २०२० मध्ये एज ब्राउझर क्रोमियमवर आला आणि तो आपोआप गळून पडला, किती जणांना कळलं तेही शंका आहे. पण एमएनजीची गोष्ट चटका लावणारी. पीएनजीचा हलणारा भाऊ, म्हणजे गिफसारखं पण चांगल्या दर्जाचं. मोझिलामध्ये तो होता, २००३ मध्ये काढला, कारण तेच, कोड फार आणि वापर कमी. तेव्हाही लोक असेच चिडले होते. मग पुढच्याच वर्षी मोझिलाच्याच दोन माणसांनी म्हटलं की एवढा अवजड फॉरमॅट कशाला, साध्या पीएनजीलाच थोडं वाढवूया, आणि एपीएनजी बनवला. पीएनजी सांभाळणाऱ्या मंडळींनी तो २००७ मध्ये नाकारला, फायरफॉक्सने तरी २००८ मध्ये घेतला, क्रोमने २०१७ मध्ये, आणि जून २०२५ मध्ये तो पीएनजीच्या अधिकृत स्टँडर्डमध्ये जाऊन बसला. बावीस वर्षं लागली, पण लोकांना हवी होती ती गोष्ट मिळाली, फक्त हलक्या अंगाने.

जेपेग एक्सएलचंही काहीसं त्याच वाटेने चाललंय. क्रोममधून काढल्यावर काही महिन्यांतच, २०२३ च्या जूनमध्ये, ॲपलने जाहीर केलं की सफारी १७ मध्ये तो चालणार, आणि सप्टेंबरमध्ये आलासुद्धा, छुपा नाही, सगळ्यांसाठी. त्याच साली अडोबीने कच्च्या फोटोंच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींच्या, डीएनजी फॉरमॅटमध्ये त्याला जागा दिली. २०२४ मध्ये आयफोन १६ प्रोच्या कॅमेऱ्यात कच्चे फोटो त्यात साठवायचा पर्याय आला. म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये जो पोरगा गळ्यात स्टॅबिलायझर अडकवून फिरतोय त्याच्या फोनमध्ये तो असू शकतो, त्याला नाव माहिती नसेल एवढंच.

आणि मोझिलाने नुसती काळजी सांगून सोडली नाही. त्यांनी अट घातली की रस्ट नावाच्या भाषेत लिहिलेला डीकोडर आणा. रस्टमध्ये आखलेल्या जागेच्या बाहेर लिहायला गेलं की भाषाच हात धरते, वेबपीमध्ये झालं तसलं भोक पडणं फार अवघड. हा डीकोडर लिहायचं काम घेतलं कोणी, तर पुन्हा त्याच गुगल रिसर्चच्या लोकांनी! मला ही माणसं आवडायला लागलीयेत. कंपनीच्या एका टीमने तुमचं पोरगं घराबाहेर काढलं, तर दुसऱ्या कंपनीच्या दारातून का होईना, त्याला नवे कपडे शिवून परत आणायचं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्रोमनेही भूमिका बदलली. वेगवान आणि मेमरी सांभाळणारा डीकोडर कोणी आणून जोडत असेल तर आमची ना नाही, पण सगळ्यांसाठी चालू करायचा तर तो पुढची अनेक वर्षं सांभाळायची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे बघा, २०२२ च्या चार कारणांपैकी "रस नाही" हे पुसलं गेलं, फायद्याचा वाद बाजूला पडला, आणि उरलं ते पगाराचं आणि आजारपणाचं, दुभाष्याचं.

आता यात आपल्याला काय, असं विचाराल तर वेबसाइट करणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. एचटीएमएलमध्ये पिक्चर नावाचा टॅग आहे, त्यात एकाच फोटोच्या दोन-तीन फाइली ओळीने देता येतात. वर जेपेग एक्सएल, खाली एव्हीआयएफ, सगळ्यात खाली साधा जेपेग. ब्राउझर वरून वाचत येतो आणि जो पहिला त्याला कळतो तो उचलतो. सफारीवाल्याला वरचा मिळेल, दुसऱ्याला मधला, आणि कोणाकडे दहा वर्षांपूर्वीचा फोन असेल तर त्यालाही खालचा मिळेलच, तुटकं चित्र कोणालाच दिसत नाही. उद्या कुठल्या ब्राउझरने एखादा फॉरमॅट काढला तरी पान मोडत नाही, तो एक पायरी खाली उतरतो. आणि फोटोचे फॉरमॅट काढणं ब्राउझरवाल्यांना तुलनेने सोपं जातं ते यामुळेच, जावास्क्रिप्टमधली एखादी सोय काढली तर अख्खं पान बसतं, इथे तसं होत नाही.

घरच्या फोटोंचं म्हणाल तर कोणी कितीही सांगितलं, अगदी मी सांगितलं तरी, मूळ जेपेग डिलीट करू नका. मी आजोबांच्या फोटोच्या दोन्ही फाइली ठेवल्यात, एक हार्डडिस्कवर आणि एक काकांकडच्या पेन ड्राइव्हवर. आणि ज्यांना परीक्षेचे फॉर्म भरायचेत त्यांनी फोटो जेपीजीच ठेवा, ५० केबीच्या आत.